काळ्या गाडीच्या दारावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी निळी वडी आहे. साबणाच्या अर्ध्या वडीएवढी. आता मी कडक झाले आहे, अंगाला भेगा पडल्या आहेत आणि एका दुकानाच्या खिडकीत मी नुसती पडून असते. माझ्या अंगावर बारीक पिवळे ठिपके आहेत. ते माझ्यात कसे आले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे. त्या गोष्टीला वर्ष होत आले, पण तिचा धक्का अजून ओसरलेला नाही.

दुकानात मला 'क्ले' म्हणत. क्ले म्हणजे चिकणमाती. पण मी शेतातली नव्हे आणि कुंभाराकडचीही नव्हे. एका कारखान्यात चिकट रसायनात पिठासारखी बारीक पूड मळून मला तयार केले, डबीत घातले आणि गाड्यांच्या रंगावरची घाण काढण्यासाठी इथे पाठवले. गाडी पाण्याने धुतली की स्वच्छ होते असे तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटे. पण धुतलेल्या गाडीवरून एकदा हात फिरवून पाहा. डोळ्यांना चमकणारा रंग बोटांना खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, कुठे रंगकाम चालू असले तर त्याचा उडालेला तुषार, हे सगळे तिथे रुतून बसलेले असते. साबणालाही ते दाद देत नाही. ते काढणे हेच माझे काम.

छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडवर चिकलठाण्याच्या अलीकडे हिमांशू नावाच्या तरुणाचे गाड्या चमकवण्याचे दुकान आहे. मी तिथे आले. पण माझी डबी उघडली ती हिमांशूने नव्हे, सुकेशनीने. तिशीची, सडपातळ, कमी बोलणारी बाई. ती देवगाव रंगारीकडच्या एका धनगर घरातली. तिची आई बानाबाई अजून मेंढ्या राखते. मेंढीच्या दाट लोकरीत न बघता बोटे घालायची आणि रुतलेला काटा नेमका शोधून काढायचा, हे सुकेशनी लहानपणीच शिकली होती. हिमांशू गिऱ्हाइकांना सांगे, "मशीन राहू द्या, आमच्या ताईंची बोटं बघा!" ते खरेच होते. ती हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून गाडीवरून बोटे फिरवी. पिशवीमुळे बारीकसा कणही बोटाला मोठा लागतो. मग ती त्या जागेवर साबणाचे पाणी फवारी, मला चपटे करी आणि सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवी. आधी खरखर आवाज येई. तो कमी कमी होत थांबला की समजायचे, रंग काचेसारखा झाला. मळलेली बाजू आत दुमडून ती मला पुन्हा मळे आणि माझी कोरी बाजू वर येई.

पहिल्याच दिवशी मी हादरले होते. शेंद्र्याच्या कारखान्यात जाणाऱ्या कुणाची तरी पांढरीशुभ्र गाडी होती. तिच्या टपावरून मी चार वेळा फिरले. सुकेशनीने मला उलटे केले तर माझे निळे अंग तांबूस काळे पडलेले.

"घ्या दादा," ती हिमांशूला म्हणाली, "ह्याला पांढरी गाडी म्हणतेत!"

तेव्हापासून मला माझ्या कामाचा अभिमान वाटू लागला. जे कुणाला दिसत नाही ते मी काढते, आणि जे काढते ते वाईटच असते, अशी माझी समजूत झाली. आमच्या जातीला एकच भीती. आम्ही हातातून जमिनीवर पडलो की संपलो. बारीक खडे अंगात शिरतात आणि मग आम्ही रंग साफ करायच्या ऐवजी ओरखडतो. पण सुकेशनीच्या हातून मी कधी पडले नव्हते. आठ गाड्या मी तिच्या हातात पार केल्या. नववी गाडी काळी होती.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी मिहिर नावाचा माणूस ती घेऊन आला. शेंद्र्याला इंजिनिअर होता, कामावर जाण्याच्या घाईत होता, पण चेहऱ्यावर लहान मुलासारखा उत्साह होता.

"गाडी बाबांची आहे," तो हिमांशूला म्हणाला. "ते अजिंठ्याला मित्राकडे गेलेत, उद्या येतील. परवा त्यांना सत्तरावं लागतंय. त्यांना काही सांगितलेलं नाही मी. गाडी एकदम नव्यासारखी करून समोर उभी करायची."

मग तो डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी वाकला. तिथे काळ्या रंगावर अगदी बारीक पिवळे ठिपके होते. उन्हात तिरके पाहिले तरच दिसतील असे.

"हे बघा. दोन वर्षांपूर्वी रंग उडालाय. बाबा भयंकर चिडले होते तेव्हा. यातला एकसुद्धा राहता कामा नये."

"एक पण नाही राहणार, सर," हिमांशू म्हणाला. मिहिर रिक्षा करून कामावर गेला.

सुकेशनीने गाडी धुतली. बॉनेट, टप, उजवी बाजू असे करत दुपारी आम्ही त्या दारापाशी आलो. तिने हातात पिशवी चढवली आणि दारावरून बोटे फिरवली. फिरवता फिरवता बोटे थांबली. तिने पिशवी काढून टाकली, उघडा हात लावला आणि डोळे मिटले. सगळे दार खरखरीत होते, पण मध्ये एक जागा गुळगुळीत होती. तिच्या कडेकडेने तिचे बोट सरकत गेले. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. असे पाच वेळा.

तिने टॉर्च आणला आणि दारावर तिरका धरला. मित्रांनो, पिवळ्या ठिपक्यांच्या मधोमध एक हात होता. कुणी रंगात बुडवून उमटवलेला नव्हे. उलट जिथे हात होता तिथेच रंग नव्हता. रंग उडाला तेव्हा कुणीतरी दारावर हात टेकून उभे असणार. आजूबाजूला ठिपके पडले आणि हाताखालची जागा कोरी राहिली. लहानसा, निमुळत्या बोटांचा हात, आडवा टेकलेला, करंगळी खाली आणि अंगठा वर. मनगटापाशी दोन कोऱ्या रेघा होत्या, बांगड्यांच्या.

"दादा, इकडं या जरा," सुकेशनीने हाक मारली. "इथं कुणाचा तरी हात हाय."

हिमांशू दुसऱ्या गाडीचे पॉलिश करत होता. तो आला, वाकला. "अरे, हो की! कुणीतरी टेकून उभं असेल."

"बाईचा हात हाय. बांगड्या दिसतेत. त्यांना इचारून घ्या की."

हिमांशूने मिहिरला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्याने परत लावला, परत तेच.

"मीटिंगमध्ये असतील," तो म्हणाला. "अहो ताई, त्यांनी स्वतःच दाखवलं ना हे दार? इसमें पूछना क्या? एक ठिपका ठेवू नका म्हणालेत. काढा. संध्याकाळी गाडी द्यायचीय."

"पण दादा..."

"काढा हो."

मग तिने पाणी फवारले आणि मला हातात घेतले.

मित्रांनो, त्या वेळी मला थांबता आले नसते, हे खरे आहे. वडीला कसले थांबता येणार! पण मला थांबावेसेही वाटले नाही. उलट एवढे ठिपके एका जागी पाहून मला हुरूप आला. तिने दाराच्या खालच्या भागापासून सुरुवात केली. नेहमीपेक्षा सावकाश ती हात चालवत होती. बांगड्यांच्या रेघा गेल्या. करंगळीच्या बाजूचे ठिपके माझ्या अंगाला चिकटले आणि करंगळी नाहीशी झाली. मग तिच्या शेजारचे बोट. मग मधले. हाताच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग एकसारखा चमकू लागला. तर्जनी गेली आणि खरखर थांबली.

तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली.

"थांबा! अहो, थांबा! हात लावू नका गाडीला!"

खांद्याला पिशवी अडकवलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ धावत आत आले. ते केशवराव, मिहिरचे वडील. ते एक दिवस आधीच घरी परतले होते. घराखाली गाडी नाही म्हणून त्यांनी घाबरून मिहिरला फोन केला. वडिलांचा फोन म्हणून तो मीटिंगमधून बाहेर आला आणि त्याला खरे सांगावे लागले. हे सगळे आम्हाला मागाहून कळले. त्या क्षणी इतकेच दिसले, की एक म्हातारा माणूस कुणाकडेही न बघता थेट डाव्या दाराशी गेला आणि ओल्या दारावर त्याने पंजा टेकवला. तो पंजा इकडे सरकला, तिकडे सरकला. आंधळा माणूस बंद दारावर कडी चाचपतो तसा.

"हात कुठंय?" त्यांनी विचारले. "इथं हात होता. कुठं गेला?"

सुकेशनीने दचकून हात मागे घेतला. मी तिच्या हातातून सुटले आणि सिमेंटच्या जमिनीवर आपटले. खडे माझ्या अंगात शिरले. माझे आयुष्य तिथेच संपले होते, पण मला स्वतःचे काही वाटले नाही. खाली पडल्या पडल्या मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आपण इतका वेळ कशावरून फिरत होतो, हे मला तेव्हा कळले.

केशवरावांची बोटे दाराच्या वरच्या भागाकडे गेली आणि अडखळली. मी अजून तिथे पोहोचले नव्हते.

"अंगठा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "अंगठा राहिलाय."

त्यांनी आपला अंगठा त्या जागेवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. हिमांशूने कॉम्प्रेसर बंद केला. त्याचा घरघराट थांबल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज फार मोठे वाटू लागले. मग सुकेशनीने धावत जाऊन स्टूल आणले आणि त्यांना धरून बसवले.

मिहिर आला तेव्हा हसतच आला. "काय बाबा, सगळं सरप्राइज मोडलंत तुम्ही!" मग त्याने वडिलांकडे पाहिले आणि त्याचे हसू जागच्या जागी विरले. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"कुणाला विचारून आणलीस गाडी?" केशवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून मिहिर दोन पावले मागे सरकला.

"बाबा, तुमच्या वाढदिवसासाठी..."

"तुझ्या आईचा हात होता त्या दारावर. पुसलास तू."

मिहिरला काही समजेना. मग केशवरावांनी सांगितले. अडखळत सांगितले, मध्येच थांबत, समोर कोण कोण उभे आहे याचे भान नसल्यासारखे.

"गल्लीतल्या झाडांच्या लोखंडी जाळ्यांना पिवळा रंग फवारायचं काम चाललं होतं. उमाच पुढं होऊन करून घेत होती. तिच्या चपलेत खडा गेला. तो काढायला तिनं गाडीवर हात टेकला आणि तेवढ्यात वारा फिरला. सगळा रंग दारावर. मी गॅलरीत उभा होतो. तिथनंच ओरडलो. सगळ्या गल्लीसमोर. कशासाठी, तर गाडीसाठी. चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही मी. आणि पंधरा दिवसांत ती गेली."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसावा तसा पँटला पुसला.

"तेरावं झाल्यावर फडकं घेऊन खाली गेलो. म्हटलं, तिला ज्यावरून बोललो ते तरी साफ करावं. ठिपके निघेनात, पण फडक्याखाली तिचा हात लागला मला. तेव्हापासून रोज सकाळी खाली उतरतो, दारावर हात ठेवतो. गाडी कुणाला धुऊ देत नाही."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"काय सांगू? तुझ्या आईला कसं वागवलं, ते सांगू?"

मिहिर त्यांच्यासमोर ओल्या जमिनीवरच बसला.

"मला वाटलं, तुम्हाला त्या ठिपक्यांचा अजून राग आहे. आणि आई म्हणाली होती, मी पुसून देणार आहे ते. तिचं राहून गेलेलं काम आपण करावं, असं वाटलं मला."

केशवरावांनी मान वर केली. "तुला कधी म्हणाली?"

"त्याच संध्याकाळी. फोन आला होता तिचा. हसू आवरत नव्हतं तिला. म्हणाली, 'तुझ्या बाबांची गाडी पिवळी केलीय मी. आता चार दिवस फुगून बसतील आणि पाचव्या दिवशी आल्याचा चहा मागतील.'"

"हसत होती?"

"हसत होती, बाबा. खूप हसत होती."

केशवराव त्याच्याकडे बघतच राहिले. मघाशी हात गेलेला पाहून बसला नव्हता एवढा धक्का त्यांना हे ऐकून बसला होता. ते म्हणाले, "मागितला होता मी. पाचव्या दिवशी. आल्याचाच." आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसणे होते की रडणे, हे जमिनीवर पडलेल्या मला ओळखता आले नाही. मिहिरने त्यांचे गुडघे धरले.

सुकेशनी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"काका, माझ्या बोटांना लागला होता त्यो हात. बाईचा हाय, हे बी कळलं होतं. म्या थांबायला पायजे होतं. नाय थांबले."

"त्यांनी सांगितलं होतं, विचारा म्हणून," हिमांशू खाली मान घालून म्हणाला. "मीच म्हटलं, काढा. चूक माझी आहे, काका."

केशवरावांनी दोघांकडे पाहिले. 'असू दे' असे ते म्हणाले नाहीत. म्हणावे असे ते नुकसानच नव्हते. सुकेशनीने मला जमिनीवरून उचलले, दोन्ही हातांनी उलगडले आणि त्यांच्यापुढे धरले. माझ्या निळ्या अंगात पिवळे ठिपके दाटीने बसले होते.

"हे सगळं यात हाय, काका. तुम्हाला पायजे असंल तर..."

त्यांनी मला हातात घेऊन पाहिले. हळूच एका ठिपक्याला बोट लावले. मग मला तिच्या तळहातावर परत ठेवले.

"हा नुसता रंग आहे, बाळ. तिचा हात यात नाही."

मित्रांनो, त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दारावरून निघालेला प्रत्येक पिवळा कण माझ्यात आहे, एकही हरवलेला नाही. पण हात त्या कणांचा नव्हता. कणांच्या मध्ये जी कोरी जागा होती, तिचा होता. ती जागा मला उचलता आली नाही. ती नुसतीच नाहीशी झाली. कितीही वर्षे मी इथे पडून राहिले तरी ती मला परत देता येणार नाही. त्या दिवसापर्यंत मी पुसलेल्या कुठल्याच गोष्टीचा मला पश्चात्ताप झाला नव्हता. आता मागच्या आठ गाड्याही मला आठवतात, आणि तिथे मी काय काय पुसले असेन या विचाराने मी हादरते.

गाडी तशीच अर्धवट घेऊन ते गेले. मिहिर चालवायला बसला. केशवराव पुढे बसले नाहीत, मागे डाव्या बाजूला बसले. त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि दारावर टेकवला. जालना रोडच्या गर्दीत गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.

जमिनीवर पडलेल्या वडीची जागा कचऱ्याच्या डब्यात असते. पण सुकेशनीने मला टाकले नाही. तिने मला खिडकीत ठेवले आणि हिमांशूनेही काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी नव्या डबीतून नवी वडी निघाली, कोरी आणि मऊ. तिला पाहून मला तिची काळजी वाटली.

पण एक गोष्ट बदलली. आता गाडी आली की पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी सुकेशनी गाडीभोवती एक चक्कर मारते आणि मालकाला विचारते, "ह्या गाडीवरचं काही ठिवायचं हाय का?" लोक गोंधळतात. काही हसतात. "काय ठेवायचं? सगळं काढा की!" एका तनुजा नावाच्या बाईंनी मात्र बरेच आठवून मागच्या काचेवरचा चिकटपट्टीचा तुकडा दाखवला. 'हा राहू दे' म्हणाल्या, का ते सांगितले नाही. सुकेशनीनेही विचारले नाही. त्या तुकड्याच्या चारही बाजूंनी नवी वडी फिरली आणि तो तेवढा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरीही सफाई होते. तुम्ही कपाट आवरता, भिंती रंगवता, जुनी वही रद्दीत टाकता. जरूर टाका. स्वच्छता चांगलीच आहे, माझे सारे आयुष्य त्यातच गेले. फक्त पुसण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. फोन उचलला नाही तर संध्याकाळपर्यंत थांबा. डाग उद्याही निघतो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही एखादी गोष्ट जपत असाल तर ती घरच्यांना सांगून ठेवा. केशवरावांनी सांगितले नाही आणि मिहिरनेही तो फोन सांगितला नाही. दोघांनी दोन वर्षे आपापले मनात ठेवले, आणि त्यांच्या मध्ये मी आले.

परवाचीच गोष्ट. सखाराम नावाचे एक गृहस्थ धुळीने माखलेली जीप घेऊन आले. दारांवर ओरखडे, टपावर डांबर, मागे कसले कसले डाग. "सगळं काढा, ताई," ते म्हणाले, "पोराचं लगीन हाय. चकाचक दिसली पायजे."

"व्हय, करते," सुकेशनी म्हणाली. "पण त्याच्या आधी सांगा, ह्यातलं काही ठिवायचं हाय का?"

सखाराम हसले. मग त्यांनी जीपकडे पाहिले. एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिले. मागच्या फळीवरून हात फिरवला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"थांबा जरा, ताई," ते म्हणाले. "घरी इचारून येतो."

आणि ती जीप न धुताच, धुरळा उडवत परत गेली.